‘वंडरवॉल’ची १९९५ची सीडी सिंगल आणि लॉसलेस आवाज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी जुन्या सीडी रिप करतो, म्हणजे त्यांवरची गाणी संगणकात फाइल म्हणून उतरवतो. ओळखीपाळखीतले लोक तेच ते प्रश्न विचारतात, आणि मी तीच ती उत्तरं फोनवर टाइप करत बसतो. आता हे एकदाच सविस्तर लिहून ठेवतो आहे. नमुन्यादाखल एकच सीडी घेतली आहे, ओअ‍ॅसिस या मँचेस्टरच्या बँडची ‘वंडरवॉल’ सिंगल (एक मुख्य गाणं आणि सोबत दोन-तीन इतर गाणी असलेली सीडी). बहुतेक उत्तरं त्या काळातल्या कुठल्याही सिंगलला लागू पडतील.

लॉसलेस म्हणजे नेमकं काय?

सीडीवर जे आकडे कोरलेले आहेत, तेच्या तेच, एकही इकडचा तिकडे न होता फाइलमध्ये आले, की ती फाइल लॉसलेस. अर्थ एवढाच. एमपी३ करताना कानाला फारशी चाहूल लागणार नाही असा भाग कायमचा फेकून दिला जातो. फ्लॅक या फाइलप्रकारात काहीच फेकलं जात नाही, फक्त घडी घालून ठेवलं जातं. घडी उलगडली की मूळ कापड जसंच्या तसं.

निम्मा गोंधळ इथेच होतो. लॉसलेस म्हणजे ‘चांगला आवाज’ असं लोक धरून चालतात. तसं नाही. फाइल सीडीशी इमान राखून आहे, एवढंच तो शब्द सांगतो. सीडीवरच आवाज चेपलेला असेल तर फाइलमध्येही तो तितक्याच इमानदारीने चेपलेला येणार. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

मग नमुन्याला हीच सिंगल का?

दोन कारणं. ती बऱ्याच जणांकडे आहे किंवा बऱ्याच जणांना हवी आहे. आणि लॉसलेस आवाजाबद्दलचे सगळे गैरसमज या एका तबकडीवर तपासता येतात.

थोडा इतिहास. बँडचा दुसरा अल्बम ‘(व्हॉट्स द स्टोरी) मॉर्निंग ग्लोरी?’ २ ऑक्टोबर १९९५ला आला. तो वेल्समधल्या मॉनमथशायरच्या रॉकफील्ड स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला होता. निर्माते ओवेन मॉरिस आणि बँडचा गिटारवादक-गीतकार नोएल गॅलाघर. त्याच महिन्याच्या ३० तारखेला क्रिएशन रेकॉर्ड्सने ‘वंडरवॉल’ सिंगल म्हणून काढलं. ब्रिटनच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंतच पोचलं. वर कोण होतं? रॉब्सन आणि जेरोम ही टीव्ही मालिकेतल्या नटांची जोडी, जुनी गाणी नव्याने गाऊन! अमेरिकेत मात्र अल्टरनेटिव्ह गाण्यांच्या यादीत ‘वंडरवॉल’ दहा आठवडे पहिल्या क्रमांकावर ठाण मांडून होतं.

ब्रिटिश सीडीवर चार गाणी आहेत : ‘वंडरवॉल’, ‘राउंड आर वे’, ‘द स्वॉम्प साँग’ आणि ‘द मास्टरप्लॅन’. एकूण वीस मिनिटांच्या आतबाहेर. शेवटचं गाणं नोएल स्वतः गायला आहे, मागे तंतुवाद्यांचा ताफा आहे, आणि माझ्या मते ते मुखपृष्ठावरच्या गाण्यापेक्षा सरस आहे. भांडायचं असेल तर या घरी, चहा मी देतो.

ही गाणी स्ट्रीमिंगवर आहेतच की. जुनी तबकडी कशाला हवी?

आहेत. पण कुठल्या रूपात, ते बघा.

आपल्याकडे ७८च्या तबकडीला दोन बाजू असायच्या. एका बाजूला गाजणारं भावगीत, मागच्या बाजूला दुसरं, जे पुढे कुठल्याच संग्रहात सापडायचं नाही. ब्रिटनमध्ये नव्वदच्या दशकात सिंगलची मागची बाजू तशीच होती. अल्बममध्ये न घेतलेली गाणी तिथे जायची, आणि ती ऐकायची तर सिंगल विकत घ्यावी लागायची. कंपन्याही कमी नव्हत्या. पुष्कळ बँडच्या एकाच सिंगलच्या दोन सीडी निघायच्या, दोन्हींवर मुख्य गाणं एकच आणि मागची गाणी वेगळी, म्हणजे निष्ठावान चाहत्याने दोन्ही घेतल्याच पाहिजेत.

ओअ‍ॅसिसची अशी मागच्या बाजूची गाणी १९९८मध्ये ‘द मास्टरप्लॅन’ नावाच्या संग्रहात आली. पण सगळी नाही. ‘राउंड आर वे’ त्यात नव्हतंच. ‘लिसन अप’ हे दुसऱ्या एका सिंगलवरचं गाणं घेतलं, पण त्यातला गिटारचा लांब तुकडा कापून. २०१४मध्ये अल्बमची मोठी आवृत्ती निघाली तेव्हा ‘राउंड आर वे’ परत आलं, पण ते रीमास्टर होऊन, म्हणजे मूळ मुद्रणावरून आवाज नव्याने घडवून. म्हणजे १९९५च्या ऑक्टोबरमध्ये दुकानात आलेला आवाज जसाच्या तसा हवा असेल, तर खात्रीची जागा एकच, ती तबकडी.

१४११ हा आकडा सगळीकडे दिसतो. तो कुठून आला?

सीडी दर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेते, प्रत्येक नमुना १६ बिटचा, आणि डावं-उजवं असे दोन चॅनल. गुणाकार करा : ४४,१०० × १६ × २ = १४,११,२००. म्हणजे सेकंदाला १४११ किलोबिट, यालाच बिटरेट म्हणतात. मिनिटाला साधारण साडेदहा मेगाबाइट, आणि या वीस मिनिटांच्या सिंगलचे दोनशे मेगाबाइटच्या थोडे वर.

४४,१०० हा विचित्र आकडा कुठून आला, ही गंमत वेगळीच आहे. सुरुवातीच्या काळात डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ टेपशिवाय स्वस्त साधन नव्हतं. आकडे चित्राच्या रेषांसारखे मांडून टेपवर उतरवायचे, एका रेषेत तीन नमुने. अमेरिकी-जपानी पद्धतीत वापरण्याजोग्या २४५ रेषा आणि सेकंदाला ६० क्षेत्रं (अर्धी चित्रं). ३ × २४५ × ६० म्हणजे ४४,१००. युरोपी पद्धतीत २९४ रेषा आणि ५० क्षेत्रं. गुणाकार केला तर तोच आकडा. टीव्हीची दोन न जुळणारी मापं ज्या आकड्यावर जुळली, त्यावर आपण आजही गाणी ऐकतो आहोत.

माझ्या फ्लॅकचा बिटरेट १००० दाखवतो, मित्राच्या दुसऱ्या एका सीडीचा ६५०. माझी फाइल जास्त चांगली ना?

नाही. हा सगळ्यात गोड गैरसमज आहे.

पुढचा नमुना काय असेल याचा अंदाज बांधायचा, आणि अंदाज जितका चुकला तितकंच लिहून ठेवायचं, असं फ्लॅकचं काम चालतं. एकटी गिटार, मधे शांतता, हळू आवाज असेल तर अंदाज बरोबर येतात आणि फाइल लहान होते. सगळी वाद्यं एकदम, झांजा, फरफरणाऱ्या गिटारी आणि वर सगळं कमाल पातळीला टेकलेलं असेल तर अंदाज सारखे चुकतात आणि फाइल फुगते. म्हणजे फ्लॅकमधला मोठा बिटरेट बहुतेक वेळा एवढंच सांगतो की संगीत दाट आणि कर्कश आहे. एमपी३मध्ये ३२० हा १२८पेक्षा चांगला असतो. तो हिशेब इथे लावू नका.

फ्लॅक, अ‍ॅलॅक की वेव्ह? आणि लेव्हल ५ ठेवू की ८?

कुठलंही. तिन्ही लॉसलेस फाइलप्रकार, तिन्हींतून तेच आकडे बाहेर येतात. अ‍ॅपलच्या उपकरणांवर अ‍ॅलॅक सोयीचं पडतं. वेव्हमध्ये गाण्याची नावं आणि मुखपृष्ठ सगळीकडे नीट टिकत नाहीत, म्हणून मी टाळतो. लेव्हलने, म्हणजे घडी किती घट्ट घालायची त्याने, फक्त फाइलचा आकार आणि वेळ बदलतो, आवाज नाही.

फ्लॅकचा एक फायदा मात्र मोलाचा. मूळ आवाजाची एमडी५ खूण (सगळ्या आकड्यांवरून काढलेला बोटाचा ठसाच जणू) फाइलच्या आतच लिहिलेली असते. दहा वर्षांनी हार्डडिस्कने दगा दिला की नाही, हे ती खूण ताडून कळतं.

रिप करायचं कसं? लॅपटॉपला तर ड्राइव्हच नाही.

यूएसबीवर चालणारा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह घ्या, दोनेक हजारांत काम होतं. जुन्या डेस्कटॉपमधला मिळाला तर त्याहून उत्तम. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी, लिनक्सवर व्हिपर. पहिल्या दोन्ही गोष्टी फुकट आहेत आणि तिसरीही.

आता मुद्दा असा की साध्या प्लेअरमधून ‘इम्पोर्ट’ दाबलं तरी फाइल येतेच; मग हा उपद्व्याप कशाला? कारण गाण्याची सीडी ही डेटाच्या सीडीसारखी वागत नाही. डेटाच्या सीडीत चुका सुधारण्याचा एक जास्तीचा थर असतो. गाण्याच्या सीडीत तो नाही. एखादा तुकडा वाचता आला नाही तर ड्राइव्ह आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाजपंचे काहीतरी भरतो आणि गप्प बसतो. वाजवताना ते चालून जातं, कारण गाणं अडत नाही. पण आपल्याला नक्कल हवी आहे, अंदाज नको.

सुरक्षित पद्धतीने वाचणारा प्रोग्रॅम प्रत्येक तुकडा दोनदा वाचतो आणि जुळत नसेल तर पुन्हा पुन्हा वाचतो. माझ्याकडची ही सिंगल वापरलेली होती. पहिली तीन गाणी सुरळीत झाली, आणि ‘द मास्टरप्लॅन’च्या मधोमध ड्राइव्हचा आवाज बदलला. आधी एकसुरी भिरभिर होती. मग घर्रऽऽ, थांबला, पुन्हा घर्रऽऽ. वेग बारा पटीवरून एक पटीच्याही खाली आला. पाच मिनिटांच्या गाण्याला पाऊण तास लागला. चिडून बंद करणार होतो, पण शेवटी लॉग (प्रोग्रॅमने लिहिलेली नोंद) बघितला तर चाचणीच्या वाचनाची आणि नकलेची बेरीज, म्हणजे सगळ्या आकड्यांवरून काढलेली पडताळणीची संख्या, अंकागणिक सारखी! ड्राइव्हने खूप कष्ट घेतले होते, पण वाचलं बरोबर होतं.

करायच्या गोष्टी थोडक्यात : सुरक्षित मोड, ड्राइव्हचा ऑफसेट (तो किती नमुने पुढेमागे वाचतो ते) एकदा ठरवून घेणे, चाचणी आणि नक्कल दोन्ही, अ‍ॅक्युरेटरिप चालू, आणि लॉग फाइल जपून ठेवणे.

अ‍ॅक्युरेटरिप म्हणजे काय? माझी सीडी तिथे जुळत नाही, मग रिप वाया गेलं का?

जगभरच्या लोकांनी त्याच सीडीचं रिप करून मिळालेल्या बेरजा एका ठिकाणी साठवलेल्या आहेत. तुमची बेरीज दहा अनोळखी माणसांशी जुळली, तर दहाही जणांच्या ड्राइव्हने नेमकी तीच चूक केली असण्याची शक्यता नगण्य. साक्षीदार परस्परांना ओळखत नाहीत, हीच त्यातली ताकद.

जुळलं नाही म्हणजे लगेच वाईट असं नाही. वेगळ्या कारखान्यात दाबलेल्या प्रतीत सगळे आकडे काही नमुन्यांनी पुढेमागे सरकलेले असू शकतात. तीस नमुन्यांचा फरक म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. तो ऐकू येणं शक्य नाही, पण बेरीज बदलते. अशा वेळी चाचणी आणि नक्कल यांच्या बेरजा जुळल्या असतील तर निर्धास्त राहा. शक्य असेल तर दुसऱ्या ड्राइव्हवर एकदा काढून बघा.

लॉगमध्ये ‘ट्रॅक क्वालिटी ९९.७ टक्के’ असं दिसलं की काही जण हवालदिल होतात. तो आवाजाचा दर्जा नाही. काही तुकडे पुन्हा वाचावे लागले, एवढाच त्याचा अर्थ.

चरे पडलेत. पुसू कसं?

कोमट पाणी, भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब, बोटाने अलगद, आणि मऊ सुती कापड. पुसताना मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ, गोल गोल कधीच नाही. आडवा चरा एका वेळी थोडेच नमुने खातो, आणि सीडीवर आकडे मुद्दाम विखरून लिहिलेले असल्यामुळे तेवढं भरून काढता येतं. वाटेच्या बाजूने गेलेला गोल चरा सलग मोठा भाग खातो. टूथपेस्टचा प्रयोग शेवटचा उपाय म्हणून करतात. माझ्या हातून त्याने एक सीडी सुधारली आणि एक गेली, तेव्हा शिफारस करत नाही.

खरी जपायची ती छापील बाजू. खालून १.२ मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक असतं, चरा पडला तरी आकडे ज्यावर आहेत तो चकचकीत थर, म्हणजे आरसा, सुरक्षित राहतो. वरून मात्र आरशावर लॅकरचा पापुद्रा आणि शाई, बस्स. तिथे बॉलपेनने नाव लिहिलंत की संपलं.

विकत घेतलेली किंवा कुणी दिलेली फ्लॅक खरी आहे का, हे कसं ओळखायचं?

एमपी३ घेऊन तिचं फ्लॅक करणं एका मिनिटाचं काम आहे. वजन वाढतं, नाव बदलतं, फेकलेलं परत येत नाही. एका विक्रेत्याने ‘अस्सल सीडी रिप’ म्हणून मला अशा फाइली विकल्या होत्या. पैसे थोडेच होते, पण पंधरा दिवस मी त्याच ऐकून मित्रांना ‘बघ, काय फरक आहे’ म्हणून सांगत होतो, त्याची लाज जास्त वाटली.

ओळखायला स्पेक नावाचा छोटा प्रोग्रॅम किंवा ऑडेसिटी घ्या आणि स्पेक्ट्रोग्रॅम काढा. आडवा वेळ, उभी कंपनसंख्या, रंग म्हणजे जोर. सीडीची मर्यादा २२.०५ किलोहर्ट्झ. दाट रॉक गाण्यात झांजांचे ठसे त्या टोकाच्या जवळपास जाताना दिसतात. १२८च्या एमपी३त १६ किलोहर्ट्झच्या आसपास रंग एकदम कापला जातो, सुरीने पाव कापावा तसा. ३२०च्या एमपी३त ती रेघ साधारण २० किलोहर्ट्झला असते, त्यामुळे पकडायला अवघड. मला विकलेल्या फाइलींत ती १६ला होती. चारही गाण्यांत, एकाच उंचीवर, पट्टीने आखल्यासारखी.

पण घाई करून कुणावर आळ घेऊ नका. वर रंग नसणं हा एकटा पुरावा पुरेसा नाही. जुनी टेप किंवा डेमो कॅसेटवरून घेतलेल्या गाण्यात वर काही नसणं स्वाभाविक आहे. रेडिओवरच्या मैफलीचं गाणं असेल तर १५ किलोहर्ट्झला कापलेलं असू शकतं, कारण एफएमची मर्यादाच तेवढी. सिंगलच्या मागच्या बाजूला अशी गाणी सर्रास असायची. निवाडा करायचा तर सगळ्या गाण्यांची चित्रं शेजारी शेजारी ठेवा. वेगवेगळ्या ठिकाणी मुद्रित झालेली गाणी एकाच रेघेवर कापलेली दिसली, तर संशय रास्त.

जाता जाता एक गंमत. त्या काळातल्या ध्वनिमुद्रणांत कधी कधी १५.६ किलोहर्ट्झच्या जवळ एक केसासारखी बारीक आडवी रेघ दिसते, गाणं सुरू झाल्यापासून संपेपर्यंत. ती स्टुडिओतल्या जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरची किंवा टीव्हीची शिट्टी. युरोपात ती १५,६२५ हर्ट्झला आणि अमेरिकेत १५,७३४ला असते. तिशी-चाळिशी ओलांडलेल्या कानांना ती बहुधा ऐकू येणार नाही. लहानपणी बाहेरूनच कळायचं ना, आत टीव्ही चालू आहे, ती हीच. ही रेघ फाइलमध्ये दिसली तर घाबरू नका. फेकाफेकीत अशा बारीक गोष्टी आधी जातात, तेव्हा ती शाबूत असणं हे उलट बरं लक्षण.

सगळं नीट केलं, लॉग चोख आहे. तरी ‘वंडरवॉल’ ऐकताना कान थकतात. चुकलं काय?

तुमचं काही चुकलं नाही. ते तसंच केलेलं आहे.

आकड्यांना छत असतं. १६ बिटमध्ये सगळ्यात मोठा आकडा ३२,७६७. त्याच्या वर जागाच नाही. ‘अजून मोठा आवाज’ हवा असेल तर मार्ग एकच : उंच टोकं दाबायची, मग सगळंच वर उचलायचं. शांत भाग मोठा होतो, मोठा भाग तेवढाच राहतो, आणि दोन्हींतलं अंतर मिटतं. पबमधल्या ज्यूकबॉक्सवर, गाडीच्या रेडिओवर असं गाणं इतरांच्या वर उठून दिसतं. ‘मॉर्निंग ग्लोरी’ हा अल्बम याच बाबतीत बदनाम आहे. आवाजाच्या चढाओढीची चर्चा निघाली की त्याचं नाव हटकून येतं, आणि डायनॅमिक रेंज (हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर) मोजणाऱ्या मीटरवर तो एकेरी आकड्यातच अडकतो.

स्वतः बघायचं असेल तर ऑडेसिटीत गाणं उघडा. सुरुवातीला एकट्या गिटारीचे ठोके वेगवेगळे दिसतात, मधे पांढरी जागा आहे. मग ढोल येतात, पुढे सगळे एकत्र येतात आणि चित्राची वीट होते. आता इतकं मोठं करा की सेकंदाचा शंभरावा भाग पडदाभर होईल. लाटेचं टोक गोल असायला हवं. दाट भागात काही टोकं सपाट सापडतात, टेबलासारखी. तिथे मूळ लाट छताला डोकं आपटून थांबलेली आहे.

ते लॉसलेसने बरं होत नाही. महागड्या केबलने तर नाहीच. प्लेअरमधली रीप्लेगेन ही आवाजाची पातळी सारखी करणारी सोय चालू करा, म्हणजे इतर गाण्यांच्या मानाने ते आपोआप खाली येईल, आणि बाकीचं स्वीकारा. मी तर म्हणेन की या एका गाण्याला तो दाब थोडाफार शोभतोही. ‘द मास्टरप्लॅन’मध्ये मात्र तंतुवाद्यं आणि पितळी वाद्यं एकमेकांना ढकलायला लागतात तेव्हा वाईट वाटतं. तिथे जागा हवी होती.

मग जुनी आवृत्ती चांगली की रीमास्टर?

ऐकून ठरवा, पण आधी दोन्हींचा आवाज सारखा करा. एखाद्या डेसिबलनेही जे मोठं वाजतं तेच आपल्याला ‘स्वच्छ’ आणि ‘भरीव’ वाटतं. कान असेच फसतात, माझेही.

दोन फाइलींत खरंच फरक आहे का, हे बघायची एक युक्ती आहे. समजा, सिंगलवरचं ‘वंडरवॉल’ आणि अल्बमवरचं तेच गाणं तुमच्याकडे आहे. दोन्ही ऑडेसिटीत एकाखाली एक ठेवा, एकेका नमुन्यापर्यंत सरकवून तंतोतंत जुळवा, एकाची लाट उलटी करा आणि दोन्ही एकत्र वाजवा. पूर्ण शांतता आली तर दोन्हींचं मास्टर एकच. गाणं पुसट पण ओळखू येण्याजोगं ऐकू आलं तर पातळी किंवा ध्वनीची घडण वेगळी. गाणं हळूहळू उगवत गेलं, लांबून कुणी चालत यावं तसं, तर टेप वेगळ्या वेगाने फिरलेली किंवा वेगळ्या वेळी उतरवलेली. दुधाचं दूध, पाण्याचं पाणी. एखाद्या रविवारी करून बघा, मजा येते.

ब्लूटूथ हेडफोनवर लॉसलेसचा उपयोग होतो का?

जवळपास नाही. हवेतून जाताना बहुतेक ब्लूटूथ हेडफोनसाठी ते पुन्हा दाबलं जातं. घरी संग्रह फ्लॅकमध्ये ठेवा आणि लोकलमध्ये जे हाताशी असेल ते ऐका.

२४ बिट, ९६ किलोहर्ट्झचं ‘सीडी सिंगल रिप’ मिळतंय. घेऊ?

सीडीवर १६ आणि ४४.१ एवढंच असतं. त्याहून जास्त असेल तर एक तर ते विनाइलवरून उतरवलेलं आहे, नाहीतर फुगवलेलं. विनाइलचं असेल आणि तसं स्पष्ट लिहिलं असेल तर हरकत नाही. सीडीचं म्हणत असतील तर हात जोडा.

खरं सांगा, एमपी३ आणि फ्लॅकमधला फरक तुम्हाला ऐकू येतो?

१२८चा येतो. झांजा पाण्यातून वाजल्यासारख्या होतात, टाळ्या कुरकुरीत चिवड्यासारख्या. २५६चा एएसी (एमपी३सारखाच दाबलेला प्रकार) किंवा ३२०चा एमपी३ असेल तर मी फूबार२००० या प्लेअरमध्ये डोळे झाकून चाचणी घेतली आहे : कुठली फाइल कुठली हे न कळू देता वीस फेऱ्या. माझे अकरा बरोबर आले. नाणं उडवूनही तेवढे येतात.

मग हा खटाटोप का? कारण फ्लॅकवरून उद्या हवं ते बनवता येतं. आज एमपी३ ठेवली आणि पाच वर्षांनी दुसऱ्या स्वरूपात बदलली की नकलेची नक्कल होते, आणि दर खेपेला थोडं झिजतं. फ्लॅक हे बी-बियाणं आहे. रोजचा भात त्यातून काढायचा.

ही सिंगल भारतात मिळेल का?

नव्वदच्या दशकात आपल्याकडे अल्बमच्या कॅसेट मिळायच्या. सिंगल हा प्रकार दुकानात जवळपास नसायचाच. मुंबईत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये आयात सीडींच्या कप्प्यासमोर मी तासन्‌तास उभा राहिलो आहे, किमती बघून परत फिरलो आहे. ते दुकान २०१६मध्ये बंद झालं. आता परदेशातून मागवणं हाच मार्ग. लंडन किंवा लेस्टरला कुणी भाऊ-वहिनी, मैत्रीण असेल तर तिथल्या धर्मादाय दुकानांत जुन्या सिंगल अजून चिल्लर भावात असतात. पातळ डबीतली सीडी बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवायला सांगा. बिजागऱ्या हमखास तुटतात.

घेताना ब्रिटिश प्रतीचा क्रमांक बघा, सीआरईएससीडी २१५. वेगवेगळ्या देशांच्या प्रतींवर गाणी वेगळी असू शकतात, तेव्हा मागच्या बाजूचा फोटो मागितल्याशिवाय पैसे पाठवू नका. चमकत्या बाजूला, मधल्या भोकाभोवतीच्या कड्यात बारीक अक्षरं कोरलेली असतात. १९९४पासून कारखाने तिथे आयएफपीआय या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची खूण टाकू लागले. खालची बाजू हिरवट-निळसर दिसली तर ती घरी कोऱ्या तबकडीवर उतरवलेली सीडी-आर आहे, मग डबी कितीही अस्सल असो.

आणि ८ सेंटिमीटरची छोटी जपानी सिंगल हाती लागली तर ती गाडीतल्या खाचेच्या प्लेअरमध्ये चुकूनही सरकवू नका. आत जाते, बाहेर येत नाही.

पावसाळ्यात जपायचं कसं?

कोकणात आणि मुंबईत खरा शत्रू दमट हवा. सीडीला सहसा काही होत नाही, पण डबीतला कागद बुरसतो आणि तबकडीला चिकटतो. मी मे संपायच्या आत सगळ्या डब्या उघडून एकदा पंख्याखाली ठेवतो, मग सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात. उन्हात नाही. फ्रिजवरही नाही, तिथे उष्णता असते.

एका रोगाची माहिती असावी. इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्नच्या पीडीओ कारखान्यात साधारण १९८८ ते १९९३ दरम्यान दाबलेल्या काही सीडी कडेपासून तांबूस-तपकिरी होत जातात. वरचं लॅकर गंधकापुढे टिकत नव्हतं, आणि गंधक आलं कुठून, तर कागदी वेष्टनातून. म्हणजे जपायला दिलेलं कव्हरच तिला खात होतं. १९९५ची ‘वंडरवॉल’ त्या काळात बसत नाही. पण नव्वदच्या सुरुवातीच्या ब्रिटिश सिंगल, विशेषतः पुठ्ठ्याच्या पाकिटातल्या, तुमच्याकडे असतील तर आधी त्या रिप करा. आज.

स्वतःच्या सीडीचं रिप करणं कायदेशीर आहे का?

आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये खासगी वापरासाठीच्या रास्त वापराला मोकळीक आहे. फाइली वाटणं किंवा विकणं त्यात येत नाही. ब्रिटनमध्ये मात्र मजा आहे. खासगी नक्कल करायला ऑक्टोबर २०१४मध्ये परवानगी मिळाली आणि जुलै २०१५मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. ज्या देशात ही सिंगल निघाली, तिथे ती रिप करायला नऊ-दहा महिनेच मुभा होती.

रिप झालं, दोन ठिकाणी जपून ठेवलं. आता सीडी देऊन टाकू?

मला द्या. माझ्या प्रतीच्या डबीची बिजागरी तुटली आहे, आणि चौथ्या गाण्यावर ड्राइव्ह अजून घरघरतो.